कोळंबीच्या अंगातली कबड्डी : चिकटणाऱ्या प्रथिनांची रोगाविरुद्धची साखळी



रोगप्रतिकारशक्ती हा घटक शिकवताना आपल्या फळ्यावर तीन शब्द हमखास येतात : पांढऱ्या पेशी, प्रतिपिंडे आणि लस. हे तिन्ही शब्द बरोबरच आहेत, पण ते माणसाच्या शरीराभोवती फिरतात. मुलांच्या मनात मग नकळत एक समज बसतो, की प्रतिपिंडे म्हणजेच प्रतिकारशक्ती. प्रत्यक्षात प्राण्यांच्या ज्ञात जातींपैकी ९५ टक्क्यांहून अधिक जाती अपृष्ठवंशीय आहेत आणि त्यांच्यापैकी एकाकडेही आपल्यासारखी प्रतिपिंडे नाहीत. गोगलगाय, मधमाशी, खेकडा, कोळंबी, कोणाकडेच नाहीत.

मग हे सगळे जगतात कसे? समुद्राच्या एक मिलिलिटर पाण्यात साधारण दहा लाख जीवाणू असतात आणि विषाणू त्याच्या सुमारे दहापट. सगळेच काही घातक नसतात, तरी कोळंबी जन्मभर याच पाण्यात राहते, त्यातच श्वास घेते, तळाचा गाळ उकरून खाते. लढण्याचं काहीच साधन नसतं तर कोळंबी केव्हाच संपली असती.

आज आपण तिच्या या साधनांपैकी एकाची ओळख करून घेणार आहोत. ते म्हणजे पेशींना चिकटवणारी प्रथिने. पाठ्यपुस्तकी शब्द वापरायचा तर पेशी-आसंजन प्रथिने. पाण्याचा थेंब काचेला चिकटतो त्याला आपण आसंजन म्हणतो, तोच हा शब्द. नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे. चला तर मग.

आधी कोळंबीचं रक्त समजून घेऊ

कोळंबी हा संधिपाद प्राणी. तिचं रक्ताभिसरण खुलं असतं. म्हणजे हृदयातून निघालेला द्रव थोडं अंतर नलिकांतून जातो आणि मग अवयवांच्या मधल्या मोकळ्या जागेत पसरतो. या द्रवाला हिमोलिम्फ म्हणतात. आपल्या रक्तात लोह असलेलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहतं, कोळंबीत हे काम तांबं असलेलं हिमोसायनिन करतं. म्हणून तिचं रक्त लाल नसतं. ऑक्सिजन मिळाला की त्याला निळसर छटा येते.

या द्रवात फिरणाऱ्या पेशींना हिमोसाइट म्हणतात. त्या मुख्यतः तीन प्रकारच्या असतात : ज्यांच्यात कण जवळजवळ नाहीत अशा, थोडे कण असलेल्या आणि कणांनी गच्च भरलेल्या. हे कण म्हणजे पेशीने बांधून ठेवलेल्या शिदोरीच्या पुरचुंड्या समजा. फक्त शिदोरीत भाकरी नाही, दारूगोळा आहे.

आता अडचण लक्षात घ्या. रक्ताभिसरण खुलं असल्यामुळे एखादा जीवाणू कवचाच्या भेगेतून आत शिरला तर त्याला सगळीकडे मोकळं रान मिळतं. त्यामुळे त्याला जागेवरच धरणं भाग असतं. धरायचं म्हणजे चिकटायचं. या साऱ्या लढाईत 'चिकटणं' इतकं महत्त्वाचं आहे ते यासाठी.

मुलांना सांगायचं तर कबड्डी

कबड्डीत चढाई करणारा आपल्या हद्दीत येतो तेव्हा काय होतं? एकट्या खेळाडूने धरलं तर तो निसटण्याची शक्यता जास्त. पण दोघांनी हात धरून साखळी केली, तिसऱ्याने पाय पकडला, बाकीचे वरून आले, की चढाईपटू जागीच थांबतो. इथे हाताची पकड दोन ठिकाणी लागते. एक पकड शत्रूवर आणि दुसरी आपल्याच गड्याच्या हातावर.

कोळंबीच्या पेशींनाही अशाच दोन पकडी लागतात, फक्त त्यांना हात नाहीत. त्यांच्या हातांचं काम प्रथिनं करतात. त्यातली एक प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर कायम बसवलेली असतात आणि दुसरी ऐनवेळी बाहेर सोडली जातात.

ऐनवेळी सुटणारी पकड : पेरॉक्सिनेक्टिन

या प्रथिनाचा शोध कोळंबीत लागला नाही, तिच्या नात्यातल्या गोड्या पाण्यातल्या क्रेफिशमध्ये लागला. स्वीडनमध्ये क्रेफिश आवडीने खातात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे बुरशीसारख्या एका जीवामुळे क्रेफिशची साथ आली आणि स्थानिक क्रेफिशचा मोठा संहार झाला. त्यामुळे क्रेफिशची प्रतिकारशक्ती हा तिथल्या शास्त्रज्ञांच्या जिव्हाळ्याचा विषय झाला. उप्साला विद्यापीठातले केनेथ सॉडरहॉल आणि मॅट्स जोहानसन यांनी १९८८ साली क्रेफिशच्या रक्तपेशींतून एक चिकटवणारं प्रथिन वेगळं काढलं. पुढे १९९५ मध्ये त्याची रचना उलगडली, तेव्हा दिसलं की ते एकाच वेळी चिकटवतंही आणि पेरॉक्सिडेज नावाच्या विकराचं कामही करतं. त्यावरून त्याला पेरॉक्सिनेक्टिन असं नाव मिळालं. २००१ साली हेच प्रथिन आपल्या ओळखीच्या टायगर कोळंबीतही सापडल्याचं प्रसिद्ध झालं.

याचं काम टप्प्याटप्प्याने बघू.

पहिला टप्पा ओळखण्याचा. बुरशी आणि जीवाणूंच्या भिंतीत काही ठरावीक पदार्थ असतात, जे कोळंबीच्या स्वतःच्या शरीरात नसतात. बुरशीच्या भिंतीतलं बीटा-ग्लुकान हे त्याचं चांगलं उदाहरण. रक्तातली काही प्रथिनं या पदार्थांना बरोबर ओळखतात. शाळेच्या गणवेशातल्या मुलांत साध्या कपड्यातला मुलगा जसा लगेच दिसतो, तसं.

दुसरा टप्पा पुरचुंड्या सोडण्याचा. ओळख पटली की कण असलेल्या हिमोसाइट आपले कण बाहेर रिकामे करतात. पेरॉक्सिनेक्टिन याच कणांत असतं. गंमत अशी की आत असताना ते चिकट नसतं. बाहेर पडल्यावर, बाकीची संरक्षण-यंत्रणा जागी होते त्याच वेळी, ते कामाला लागतं. असं का? विचार करा, ते आधीपासूनच चिकट असतं तर फिरणाऱ्या पेशी विनाकारण एकमेकींना चिकटून गोळे झाले असते. साखळी हवी, पण चढाई आल्यावरच हवी.

तिसरा टप्पा पकडीचा. बाहेर पडलेलं पेरॉक्सिनेक्टिन हिमोसाइटच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांना जाऊन बसतं. त्या पेशी मग पसरट होतात, चिकटू लागतात आणि आपलेही कण सोडतात. त्यातून आणखी पेरॉक्सिनेक्टिन बाहेर येतं. एकाने हाक मारली, दुसऱ्याने ऐकून पुढे हाक दिली, अशी ही बोलावण्याची साखळी वाढत जाते.

कायम बसवलेली पकड : इंटिग्रिन

पेरॉक्सिनेक्टिन ज्याला जाऊन बसतं ते प्रथिन म्हणजे इंटिग्रिन. ते पेशीच्या पटलात आरपार रोवलेलं असतं. त्याचं एक टोक बाहेर, दुसरं आत. बाहेर काही पकडलं गेलं की आत निरोप जातो. दाराची कडी बाहेरून वाजवली की घरातल्याला कळतं, तशातला हा प्रकार.

इंटिग्रिन नेमकं काय ओळखतं हे आपल्या पहिली-दुसरीच्या शिक्षकांना फार आवडेल. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. या शेकडो मण्यांच्या माळेत इंटिग्रिन पुष्कळदा फक्त तीन मणी शोधतं : आर्जिनिन, ग्लायसिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल, याच क्रमाने. क्रेफिशच्या पेरॉक्सिनेक्टिनमध्ये पहिल्या मण्याच्या जागी लायसिन आहे, तरी पकड बसते. आपली पहिलीची मुलं लांब वाक्यातून 'कमळ', 'बदक' असे बिनकान्याचे तीन अक्षरी शब्द शोधून गोल करतात ना? इंटिग्रिन तेच करतं.

पकड बसल्यावर काय होतं?

यापुढचे मार्ग शत्रूच्या आकारावर आणि संख्येवर ठरतात.

१. गिळणे. जीवाणू एकटा-दुकटा असेल तर हिमोसाइट त्याला गिळते. पेरॉक्सिनेक्टिन जीवाणूवर बसलं असेल तर हे काम सोपं होतं, कारण पेशीला धरायला मूठ मिळते.

२. गाठ करणे. जीवाणू पुष्कळ असतील तर अनेक हिमोसाइट मिळून त्यांना अडकवतात आणि घट्ट गाठ तयार होते.

३. कोंडून टाकणे. परजीवी किंवा बुरशीचा तंतू एका पेशीला गिळता येणार नाही इतका मोठा असतो. मग हिमोसाइट त्याच्याभोवती थरावर थर रचतात, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. पेशी एकमेकींना चिकटल्याच नाहीत तर थर बसणारच नाहीत. पेशी चिकटवण्याचं महत्त्व सर्वांत स्पष्ट दिसतं ते इथे.

४. काळं करणे. कोंडलेल्या शत्रूभोवती फिनॉलऑक्सिडेज नावाचं विकर कामाला लागतं आणि काळं मेलॅनिन तयार होतं. या क्रियेत बनणारे मधले पदार्थ जंतूंना विषारी असतात.

याशिवाय पेरॉक्सिनेक्टिनचं विकराचं कामही चालू असतंच. ते पेशीच्या पृष्ठभागावरच्या आणखी एका विकराला चिकटतं, जे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. याच हायड्रोजन पेरॉक्साइडचा वापर करून पेरॉक्सिडेज जंतू मारणारी रसायनं बनवू शकतं. म्हणजे धरणारा हात आणि मारणारा हात एकाच प्रथिनात!

बाजारातून आणलेली कोळंबी बर्फाविना ठेवली की तिचं डोकं काळं पडतं, हे पालकांनी पाहिलं असेल. ते याच फिनॉलऑक्सिडेजचं काम. कोळंबी मेली तरी विकर काही काळ काम करतच राहतं. बर्फात त्याचा वेग मंदावतो. चिरलेलं वांगं काळं पडतं त्यामागेही अशीच क्रिया असते, फक्त वनस्पतीतलं विकर वेगळ्या घडणीचं असतं.

हाच हात विषाणूही धरतो

इथपर्यंत सगळं छान आहे. पण आता कबड्डीच्या उदाहरणाची मर्यादा येते. चढाईपटूनेच तुमच्याशी हस्तांदोलन करून आत घर केलं तर?

कोळंबीचा सर्वांत घातक शत्रू म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा विषाणू. व्हाइट स्पॉट या नावाने तळ्यांवर तो सगळ्यांना माहीत आहे. १९९२ च्या सुमारास तो तैवान-चीनच्या भागात दिसला आणि १९९४ मध्ये भारताच्या किनाऱ्यावरच्या टायगर कोळंबीच्या तळ्यांत पोचला. कवचावर पांढरे ठिपके येतात, कोळंबी खाणं सोडते, काठाशी येते आणि ३ ते १० दिवसांत अख्खं तळं रिकामं होऊ शकतं.

या विषाणूच्या आवरणावरच्या काही प्रथिनांत तोच तीन मण्यांचा शब्द आहे, जो इंटिग्रिन शोधत असतं. विषाणू तो शब्द दाखवतो, इंटिग्रिन त्याला धरतं आणि पेशीचं दार उघडतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात कोळंबीतलं इंटिग्रिन झाकून किंवा कमी करून पाहिलं, तेव्हा विषाणूचा शिरकावही कमी झाला. म्हणजे रक्षणासाठी असलेली कडी चोरानेही वाजवायला शिकून घेतली आहे. इंटिग्रिन नकोच म्हणावं तर जीवाणू आणि बुरशीविरुद्धची पकडच जाते. निसर्गात कुठलंही साधन एकतर्फी फायद्याचं नसतं, हे मुलांना सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी मिळालेलं नाही.

"बाबांनी लस का नाही दिली?"

आमच्या शाळेत खाडीकाठच्या वाडीतली मुलं येतात. लसीचा भाग शिकवून झाल्यावर चौथीतल्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, आमच्या तळ्यातली सगळी कोळंबी मेली. बाबांनी तिला लस का नाही दिली?" त्याच्या आवाजात बाबांवरचा राग होता. हा प्रश्न विज्ञानाचा होता आणि घरचाही होता.

त्याचं उत्तर असं. माणसाची लस चालते कारण आपल्या शरीरात विशिष्ट जंतू लक्षात ठेवणाऱ्या पेशी आणि प्रतिपिंडे असतात. लस त्यांना आधीच सराव देते. कोळंबीकडे त्या पेशी नाहीत आणि प्रतिपिंडेही नाहीत. विषाणूच्या आवरणातलं प्रथिन आधी देऊन कोळंबी जास्त तगते का, असे प्रयोग झाले आहेत आणि काहींत थोड्या काळापुरता फायदाही दिसला आहे. पण आपल्या बाळांच्या लसीसारखी, तळ्यावर सरसकट देता येईल अशी लस नाही. आणि प्रतिजैविके विषाणूवर चालतच नाहीत. तेव्हा बाबांनी काही द्यायचं राहून गेलं असं नाही. देण्यासारखं औषधच नव्हतं.

ज्या गावांत कोळंबीची तळी आहेत तिथल्या शिक्षकांनी हे नीट सांगायला हवं असं मला वाटतं. मूल घरी जाऊन बापाकडे कुठल्या नजरेने बघणार, हे कधी कधी आपल्या एका वाक्यावर ठरतं.

मग कोळंबीला काहीच आठवत नाही का?

इथे तिसरं प्रथिन येतं. त्याचं नाव डीस्कॅम. हेही मुळात पेशी चिकटवणारंच. माणसात त्याचं जनुक २१ व्या गुणसूत्रावर आहे. डाऊन सिंड्रोमशी संबंधित भागाचा अभ्यास चालू असताना १९९८ मध्ये ते सापडलं, म्हणून नावातही डाऊन सिंड्रोम आला.

फळमाशीत याच्या जनुकाची करामत २००० साली कळली. या जनुकाच्या चार जागी पर्याय आहेत. पहिल्या जागी १२ पैकी एक तुकडा, दुसऱ्या जागी ४८ पैकी एक, तिसऱ्या जागी ३३ पैकी एक आणि चौथ्या जागी २ पैकी एक. गुणाकार करा : १२ × ४८ × ३३ × २ = ३८,०१६. एका जनुकापासून ३८,०१६ प्रकारची प्रथिनं बनू शकतात! सुरुवातीला याचं काम मज्जापेशींच्या जुळणीत दिसलं. २००५ मध्ये समजलं, की फळमाशीच्या रोगाशी लढणाऱ्या पेशीही हे प्रथिन बनवतात आणि जीवाणू गिळण्यात त्याचा हात आहे.

कोळंबीतही डीस्कॅम आहे. व्हेनामी कोळंबीतल्या डीस्कॅमवरचं काम २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. कोळंबीत त्याचा एक खास प्रकार दिसतो, ज्याला पेशीत रोवून ठेवणारं शेपूट नसतं. तो रक्तात मोकळा सुटू शकतो, जरासा आपल्या प्रतिपिंडांसारखा. म्हणून काही शास्त्रज्ञांना वाटतं, की कोळंबीची 'आठवण' इथे दडलेली असावी. सगळ्यांना हे पटलेलं नाही आणि वाद चालू आहे. हे मुलांना जरूर सांगा. विज्ञानात सगळी उत्तरं पुस्तकाच्या शेवटी छापलेली नसतात.

तळ्याकाठी या माहितीचा उपयोग

चिकटण्याची ही सारी यंत्रणा हिमोसाइटच्या संख्येवर आणि ताकदीवर अवलंबून आहे. पाण्यात ऑक्सिजन कमी झाला, अमोनिया वाढला, पाऊस पडून खारेपणा एकदम उतरला, की कोळंबीवर ताण येतो आणि तिची प्रतिकारशक्ती घटते. कात टाकल्यावर कवच मऊ असतं तेव्हाही ती नाजूक असते. म्हणून जाणकार शेतकरी औषधाच्या बाटलीपेक्षा पाण्याकडे जास्त लक्ष देतो. विशिष्ट रोगांपासून मुक्त असल्याची खात्री केलेलं बी आणणं, एका तळ्याचं जाळं दुसऱ्या तळ्यात न वापरणं, खेकडे आत येऊ न देणं (तेही हा विषाणू वाहतात), आजारी तळ्याचं पाणी तसंच खाडीत न सोडणं, हेच उपाय खरे.

क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांसारखी प्रतिजैविके भारतात कोळंबी-संवर्धनात बंद आहेत. विषाणूवर ती निरुपयोगी आहेत आणि त्यांचा अंश ताटात येण्याचा धोका वेगळाच.

वर्गात कसं घ्याल?

मैदानावर : दहा मुलांना गोलात मोकळं फिरू द्या. हात पाठीमागे. एक मूल 'जंतू' म्हणून आत येईल. हात पाठीमागेच ठेवून त्याला अडवायला सांगा, तो सहज निसटेल. मग शिट्टी वाजली की हात धरायचे आणि त्याच्याभोवती वर्तुळ करायचं. तो कोंडला जाईल. शेवटी विचारा, हात सतत धरलेलेच असते तर फिरता आलं असतं का? पेरॉक्सिनेक्टिन कणांत बंद का असतं ते मुलं स्वतःच सांगतील.

गणिताच्या तासाला : तीन सदरे आणि दोन पँट यांच्या किती जोड्या होतील, इथून सुरुवात करा. पाचवीपर्यंत आलात की डीस्कॅमचा गुणाकार फळ्यावर मांडा.

घरी : पालकांनी वांग्याच्या दोन फोडी कराव्यात. एक पाण्यात बुडवून, एक ताटलीत उघडी. अर्ध्या तासाने मुलांना फरक बघू द्या आणि हवेतल्या ऑक्सिजनची गोष्ट सांगा. घरात मासळी शिजत असेल तर कोळंबी साफ करताना तिचे अवयवही दाखवता येतील.

थोडक्यात

कोळंबीकडे प्रतिपिंडे नाहीत, पण पकड आहे. पेरॉक्सिनेक्टिन ऐनवेळी सुटून पेशींना जोडतं आणि जंतू मारायलाही मदत करतं. इंटिग्रिन ती पकड घेतं आणि आत निरोप देतं, पण तेच विषाणूचंही दार ठरतं. डीस्कॅम अनेक रूपं घेऊन शत्रू ओळखायला हातभार लावतं.

पुढच्या वेळी प्रतिकारशक्तीचा घटक घ्याल तेव्हा फळ्यावरच्या त्या तीन शब्दांशेजारी चौथा शब्द लिहा : पकड. आणि 'कनिष्ठ प्राणी' हा शब्द वापरण्याआधी जरा थांबा. कनिष्ठ म्हणावं असं या लढाईत काहीच नाही.